वेब डिझाइन शिकायला मॅक की विंडोज? दोन्ही वापरून झाल्यावरचं मत

मॅकबुक एअर एम१ (८ जीबी) आणि जुना आय५चा विंडोज लॅपटॉप, दोन्हीवर काम करून आता बरेच महिने झाले. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही.

मॅक घ्यायची वेळ आली ती सर्व्हिस सेंटरमुळे. विंडोज लॅपटॉप चार्ज होईना. अधिकृत सेंटरने आत काय बिघडलंय ते न दाखवताच "मदरबोर्ड बदलावा लागेल" म्हणून सांगितलं. आकडा असा की त्यात दुसरा सेकंडहँड लॅपटॉप आला असता. मशीन परत मागितलं तर तपासणीचे पैसे भरा म्हणे. कशाची तपासणी? तासभर वाद घालून लॅपटॉप उचलून आणला. कोर्सचं प्रोजेक्ट तोंडावर होतं, म्हणून वापरलेला मॅक घेतला. २०२० साली हे मॉडेल आलं तेव्हा किंमत ९२,९०० होती. तेवढे पैसे मी शिकण्यासाठीच्या मशीनवर कधीच घातले नसते.

सुरुवातीला फार आवडला. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. चार्जर घरी ठेवून क्लासला जाता येतं. डिझाइनचं फिग्मा, कोड लिहायचं व्हीएस कोड आणि क्रोम एकत्र सुरळीत चालतात. आणि त्या स्क्रीनवरचं देवनागरी! मुक्ता या फॉन्टचं बारीक, कमी जाडीचं अक्षरसुद्धा कोरल्यासारखं दिसतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून मॅक घ्या म्हटलं असतं.

मत बदललं ते कोल्हापुरातल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या साइटमुळे. पेढीवरच्या १३६६ बाय ७६८च्या मॉनिटरवर साइट उघडली आणि मुक्ता लाइटमधल्या, म्हणजे त्याच फॉन्टच्या बारीक अक्षरातल्या मथळ्याची शिरोरेषा पुसट, अर्धवट झिजलेली दिसली. मॅकवर अक्षर मुळातच थोडं भरीव उमटतं, शिवाय बारीक पिक्सेलची रेटिना स्क्रीन. त्यामुळे हा दोष तिथे दिसतच नाही. "चौकशी करा" हे बटण तर दोन ओळींत मोडलं होतं. बटण पानाचा फॉन्ट आपणहून उचलत नाही, त्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'फॉन्ट: इनहेरिट' असं सांगावं लागतं. ते नसलं की मॅक आपला कोहिनूर देवनागरी फॉन्ट लावतो, विंडोज निर्मला लावतो, आणि दोघांची रुंदी वेगळी. हे मॅकसमोर बसून वर्षभरात कळलं नसतं. मराठी साइट करणाऱ्याला ही गोष्ट प्रोसेसरपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, कारण आपलं गिऱ्हाईक साइट बघतं ते स्वस्त मॉनिटरवर नाहीतर अँड्रॉइड फोनवर.

शिवाय मजकूर आला होता श्रीलिपीत, म्हणजे वेबवर न चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये! छपाईवाल्याकडची जुनी फाइल. ती युनिकोडमध्ये आणायला पुन्हा विंडोजच लागलं.

मग तो बंद लॅपटॉप शाहूपुरीतल्या एका रिपेअरिंगवाल्या काकांकडे नेला. त्यांनी माझ्यासमोर उघडला. चार्जिंगचा जॅक सैल झाला होता, बस्स. जॅक बदलला, रिकाम्या स्लॉटमध्ये रॅम वाढवली आणि झालेला सगळा खर्च सेंटरने सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नाही. मदरबोर्ड ठणठणीत होता. त्या सेंटरचा राग अजून गेलेला नाही. मॅकमध्ये मात्र रॅम वाढवायची सोयच नाही. घेताना जेवढी तेवढीच, आणि क्रोमचे टॅब वाढले की ८ जीबी कमी पडते.

एका बाबतीत मॅकला तोड नाही, ती म्हणजे आयफोनवरची चाचणी. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आत ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच वेबकिट इंजिन चालतं, आणि विंडोजसाठीची सफारी २०१२ सालीच थांबली. भावाच्या आयफोनवर पूर्ण उंचीचं पान उघडलं की खालचं ऑर्डरचं बटण ॲड्रेस बारमागे जायचं. केबल लावली, मॅकवर फोनमधलं पान तपासणारा वेब इन्स्पेक्टर उघडला आणि पानाच्या उंचीच्या १००व्हीएच या मापाच्या जागी ॲड्रेस बार धरून मोजणारं १००डीव्हीएच टाकताच बटण वर आलेलं समोर दिसलं. विंडोजवर यासाठी नुसते अंदाज बांधत बसावं लागतं.

"डिझाइन म्हणजे मॅकच" हा सल्ला स्केच या डिझाइनच्या ॲपच्या काळातला आहे, कारण ते फक्त मॅकवर चालतं. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, मशीन कुठलंही असो. फाइलच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉलचा घोळही दोन्हीकडे सारखाच. लोगो डॉट पीएनजीचं स्पेलिंग कोडमध्ये स्मॉल आणि फाइलला कॅपिटल असलं तरी दोन्ही मशीनवर चित्र दिसतं, गिटहब पेजेसवर, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरवर, चढवलं की गायब.

पहिलंच मशीन घेणाऱ्याने रॅम वाढवता येईल असा वापरलेला विंडोज लॅपटॉप घ्यावा, आणि आयफोनवाला एखादा मित्र धरून ठेवावा. माझा मॅक मी विकणार नाही, पण रोजचं काम पुन्हा जुन्या लॅपटॉपवर सुरू केलंय. मथळ्याला आता सेमीबोल्डपेक्षा बारीक अक्षर वापरत नाही.