तागालोग शिकताना इंग्रजी बाजूला ठेवली: साडेसात महिन्यांचा अनुभव

मी मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. मागच्या कॉन्ट्रॅक्टला बावीस जणांत चौदा फिलिपिनो होते. आधीच्या दोन जहाजांवरही तसंच होतं, पण तेव्हा ‘सालामात’, म्हणजे धन्यवाद, याच्या पुढे माझी मजल गेली नव्हती. सहा-सहा महिने ज्यांच्यासोबत घाम गाळायचा त्यांच्या भाषेत, म्हणजे तागालोगमध्ये, चार वाक्यं येऊ नयेत, ही गोष्ट मनाला लागून राहिली होती. म्हणून या वेळी निघायच्या आधीच तयारी केली. एक विकतचा ऑडिओ कोर्स फोनवर उतरवून घेतला, एक फुकट ॲप घेतलं आणि शब्दांची कार्डं घोकायला अँकी नावाचं ॲप घेतलं.

फुकट ॲपबद्दल थोडक्यात सांगतो. त्याला नेट लागतं. किनारा सुटला की ते बंद. आणि त्यातली वाक्यं मुलगा सफरचंद खातो असल्या छापाची, ती जहाजावर कोणाला ऐकवायची?

ऑडिओ कोर्स मात्र कामाचा निघाला. वॉच (कामाची पाळी) संपला की केबिनमध्ये अर्धा तास ऐकून मोठ्याने म्हणायचो. उच्चार सुधारले ते त्यामुळेच. अडचण वेगळीच होती. हे सगळं इंग्रजीतून शिकवलं जातं, आणि तिथे मराठी माणूस विनाकारण लांबचा रस्ता धरतो. हे मला तिसऱ्या आठवड्यात मेसच्या दारात कळलं.

दुपारचे बारा वाजले होते. ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, समोरून येत होता. त्याला जेवायला चल म्हणावं म्हणून मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, “काकाइन ना कामी.” तो “ओके सर” म्हणाला आणि आम्हाला वाट देऊन बाजूला उभा राहिला. मागून आमचा फिटर आला, चोपन्न वर्षांचा, शांत माणूस. त्याने समजावलं: ‘कामी’ म्हणजे तुम्ही लोक, ज्याच्याशी बोलताय तो त्यात नाही. त्याला धरून बोलायचं तर ‘तायो’.

म्हणजे कामी हे आपलं ‘आम्ही’ आणि तायो हे आपलं ‘आपण’! इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे माझ्या कार्डांवर दोन्हींचा अर्थ एकच लिहिलेला. मराठीत हा फरक आपण लहानपणापासून न शिकता पाळतो. त्या रात्री बसून मी सगळी कार्डं पुसली आणि मराठीतून लिहायला घेतली. खरी प्रगती तिथून सुरू झाली.

‘कुमाइन का ना?’ याचं इंग्रजी भाषांतर वाचलं तर ती चौकशी वाटते. मराठीत ते सरळ ‘जेवलास का?’ आहे, आपल्यासारखंच भेटल्या भेटल्या विचारायचं. उत्तर ‘ओपो’, म्हणजे हो, किंवा ‘हिंदी पा’, म्हणजे अजून नाही. (हो, तागालोगमध्ये ‘हिंदी’ म्हणजे नाही. शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा आणि आवाज घशात झटकन तोडायचा.) कोणी जेवत असताना तुम्ही जवळून गेलात तर तो ‘काइन तायो’ म्हणणारच, आपल्याकडे ‘या जेवायला’ म्हणतात तसं. त्यावर लगेच खुर्ची ओढायची नसते. ‘सालामात, बुसोग पा आको’ म्हणायचं, म्हणजे पोट भरलंय अजून. कुया म्हणजे दादा, आते म्हणजे ताई, आणि हे नात्यातल्यांनाच म्हणायचे शब्द नाहीत. मी फिटरला कुया म्हणायला लागलो तेव्हा हुद्द्याने मी वर होतो, वयाने तो. दोन्ही मान राहिले.

‘पो’ हा आदराचा शब्द इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतो म्हणतात. आपण ‘काय हो, कसे आहात’ म्हणतो ना, त्यातला ‘हो’ आठवा. सालामात पो; कुमुस्ता पो कायो, म्हणजे कसे आहात. बसला डोक्यात.

क्रियापदं मात्र सोपी नाहीत. काइन म्हणजे खाणे. कुमाइन, खाल्लं. कुमाकाइन, खातोय. काकाइन, खाणार. शब्दाच्या पोटात ‘उम’ घुसतो, पहिलं अक्षर दोनदा येतं. इथवर महिन्याभरात जमतं. पुढे वाक्य खाणाऱ्याकडून बोलायचं की खाल्लेल्या वस्तूकडून, यावर अख्खं क्रियापद बदलतं आणि ‘आको’चा (म्हणजे ‘मी’चा) ‘को’ होतो. ‘मी भाकरी खाल्ली’मध्ये क्रियापद माझ्याकडे न बघता भाकरीकडे बघतं, एवढा धागा धरून मी थोडं पुढे गेलो. अजून चुकतो.

उच्चारात दोन गोष्टींना वेळ द्या. एक म्हणजे ङ. वाङ्मय या शब्दात आपण तो मध्ये म्हणतो, ते लोक शब्दाची सुरुवात त्याने करतात: ङायोन, म्हणजे आत्ता. दुसरा आघात. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘पुनो’ म्हणजे झाड, शेवटच्यावर दिला तर भरलेला. टाकीचं माप घेताना हा शब्द रोज कानावर पडायचा. आघाताची खूण कार्डावर नसेल तर ते कार्ड फेकून द्या.

यावरूनच एक आग्रहाने सांगतो. कामाचे हुकूम, इशारे, व्हॉल्व्ह उघड-बंद करणं, हे सगळं जहाजाच्या ठरलेल्या भाषेतच बोला. आमच्याकडे ती इंग्रजी होती. इंजिनच्या गोंगाटात माझ्या कच्च्या आघातावर कोणाचा हात अवलंबून राहावा, हे मला मान्य नाही. तागालोग मेससाठी, चहासाठी, रात्रीच्या गप्पांसाठी.

आणखी एक गोष्ट कोर्सने सांगितली नव्हती: सगळे फिलिपिनो घरी तागालोग बोलत नाहीत. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सेबू बेटाचा. हॅच कव्हरवर (मालाच्या कोठाराच्या झाकणावर) एक दमलेला पक्षी उतरला होता, त्याच्याकडे बोट दाखवून तो ‘लांगाम’ म्हणाला. माझ्या कार्डावर लांगाम म्हणजे मुंगी. तागालोगमध्ये मुंगी, त्याच्या सेबुआनो भाषेत पक्षी! दुसऱ्या दिवशी मी त्याला ‘मायोंग बुन्ताग’ म्हणालो, ही त्याच्या घरची सुप्रभात. हातातला चहाचा मग खाली ठेवून त्याने माझा हात हातात घेतला.

किनाऱ्यावर भाषा एकदाच वापरता आली, फिलिपिन्समधल्या बतांगासला कोळसा उतरवायला लागलो तेव्हा. जीपनीत, म्हणजे तिथल्या वडाप जीपसारख्या गाडीत, मागे बसलेल्याने भाडं पुढच्याच्या हातात द्यायचं, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे पैसे तसेच मागे येतात. ‘बायाद पो’ (हे भाडं) म्हणून मी नोट पुढे केली. शेजारच्या आजींनी मान न वळवता घेतली आणि पुढे दिली, रोजच्या प्रवाशाची घ्यावी तशी. उतरताना ‘पारा पो’, म्हणजे थांबवा हो. बाजारात मात्र इसा, दालावा, तात्लो (एक, दोन, तीन) घोकून गेलो होतो आणि बाई म्हणाल्या ‘सिंक्वेन्ता’, म्हणजे पन्नास. किमती आणि घड्याळाची वेळ बहुधा स्पॅनिशवरून आलेल्या आकड्यांत सांगतात. तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं तिथे. आपला साबण पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा ‘साबोन’ स्पॅनिशांकडून.

त्याच्याही मागचं एक नातं आहे, संस्कृतचं. गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा. १९८९ साली फिलिपिन्समधल्या लागुना भागात एक ताम्रपट सापडला. त्यावरची तिथी शके ८२२, वैशाख महिना. केबिनच्या भिंतीवर आईने दिलेलं कालनिर्णय होतं. ते मी फिटरला दाखवलं, शके कुठे छापलंय ते बोटाने दाखवलं. तो बराच वेळ बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, “तालागा?” खरंच?

साडेसात महिन्यांनी माझी साधारण चारशे कार्डं झाली. रोज पंधरा मिनिटं, त्यात खाडा नाही. गप्पांचा विषय ओळखतो, जेवण-घर-मुलंबाळं यावर बोलू शकतो, पण ते आपसात वेगाने बोलू लागले की निम्मं हातातून सुटतं. ऑडिओ कोर्सचा पुढचा भाग मी विकत घेणार नाही. पुढच्या जहाजाची क्रू लिस्ट आली की आधी कोण कुठल्या बेटावरचा ते बघणार, आणि इलोइलोचे जास्त असले तर त्यांच्या इलोंगोची पहिली वीस कार्डं मराठीतच लिहून नेणार.