कोविड जेंडर रिस्पॉन्स ट्रॅकर: वरची बेरीज सोडा, खालच्या ओळी वाचा

कोविडच्या काळात कुठल्या सरकारने बायकांसाठी नेमकं काय केलं, हा प्रश्न घेऊन आमचा वेगवेगळ्या देशांतल्या सहा जणांचा गट काम करत होता आणि त्या सगळ्या कामात आम्ही सगळ्यात जास्त वेळा काय उघडलं असेल तर ते संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपी (विकास कार्यक्रम) आणि यूएन विमेन (महिलांसाठीची संस्था) यांनी मिळून बनवलेला कोविड-१९ ग्लोबल जेंडर रिस्पॉन्स ट्रॅकर. पैसे लागत नाहीत, कुणालाही बघता येतो, सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. इतके महिने वापरल्यावर त्याच्याबद्दल नीट लिहावं असं वाटलं, कारण बरेच जण त्यातला वरचा एक मोठा आकडा उचलतात, स्लाइडवर टाकतात आणि पुढे जातात, आणि खरा माल तर त्या आकड्याच्या खाली आहे.

आधी हे आहे काय ते सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रॅकर आला तेव्हा त्यात २०६ देश आणि प्रदेशांमधले अडीच हजारांवर सरकारी उपाय होते, नंतर भर पडत पडत २२६ देश-प्रदेश आणि जवळजवळ पाच हजार उपाय झाले. सरकारने जाहीर केलेली आर्थिक मदत, नोकरीबद्दलचे निर्णय, रजा, हेल्पलाइन, निवारागृहं असं सगळं त्यात येतं. मग त्यातले जेंडरचा विचार असलेले, म्हणजे बायकांच्या गरजा वेगळ्या लक्षात घेणारे, उपाय वेगळे काढलेत, ते १,६०५, आणि त्यांच्या तीन पेट्या आहेत. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचे ८५३, बायकांच्या आर्थिक सुरक्षिततेचे ५२६ आणि बिनपगारी काळजीच्या कामाचे, म्हणजे घर, मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं सांभाळायच्या कामाचे फक्त २२६.

मला हा ट्रॅकर आवडला तो या तीन आकड्यांसाठी. २२६ देश-प्रदेश आणि २२६ उपाय, योगायोगाने आकडा सारखा आलाय, म्हणजे सरासरी काढली तर एका देशाला एक उपाय पडतो, आणि ते तसे सारखे वाटलेले नाहीतच, काही देशांकडे चार-पाच आहेत आणि कित्येकांकडे एकही नाही. आणि हे कधी, तर जेव्हा जगभरात दीडशे कोटींवर मुलं शाळा बंद म्हणून घरी बसली होती तेव्हा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं होतं की जगातल्या बिनपगारी काळजीच्या कामाचे ७६.२ टक्के तास बायकाच भरतात. म्हणजे ओझं कुणाच्या डोक्यावर पडणार हे आधीपासून माहीत होतं, आकड्यानिशी माहीत होतं, आणि तरी तीन पेट्यांमधली सगळ्यात रिकामी पेटी तीच. हे मी ट्रॅकर न बघता सुद्धा म्हणू शकले असते, पण म्हणणं वेगळं आणि फिल्टर लावल्यावर स्क्रीनवर ओळी भराभर गळून जाताना बघणं वेगळं. पहिल्यांदा तो फिल्टर लावला तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून मी फाइल बंद करून परत उघडली.

आता वापरायचं कसं. नकाशा आणि रंगीत तक्ते सुरुवातीला बघायला छान आहेत, पण तिथे फार रेंगाळू नका, सरळ एक्सेल उतरवून घ्या. प्रत्येक उपायाला एक ओळ आहे, त्यात देश, प्रकार आणि उपायाचं वर्णन. ते वर्णनच महत्त्वाचं. उदाहरण म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोची नोव्हिसी योजना घ्या. एप्रिल २०२० मध्ये असंघटित कामगारांना मोबाइलवर थेट पैसे द्यायला सुरुवात झाली, आणि राजधानीच्या भागात पुरुषांना महिन्याला १०,५०० सीएफए फ्रँक (तिथलं चलन) तर बायकांना १२,२५० ठरवले. बायकांना जास्त! कुणीतरी बसून विचार केला असेल ना की असंघटित कामात बायकाच जास्त आहेत आणि घर चालवायचं तर पैसे त्यांच्या हातात पडले पाहिजेत. इटलीने मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर मुलं सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी आईबापांना बेबीसिटिंगचा भत्ता दिला. हे दोन्ही उपाय बेरजेत 'एक' आणि 'एक' म्हणून येतील, पण वाचलं की कळतं दोन्ही किती वेगळ्या जागी हात घालतात, एक बाईच्या हातात पैसा देतो आणि दुसरा तिच्या हातातलं काम थोडं काढून घेतो.

आणि इथेच या टूलची मर्यादा पण आहे, ती त्यांनी स्वतःच्या पद्धतीच्या माहितीत सांगितलेली आहे म्हणून लपवल्याचा आरोप कुणी करू शकत नाही. ट्रॅकर उपाय मोजतो. तो उपाय खरंच किती बायकांपर्यंत पोचला, किती दिवस चालला, हे तो मोजत नाही. एखाद्या देशाने हेल्पलाइनचा नंबर जाहीर केला तरी एक आणि एखाद्या देशाने लाखो बायकांना कित्येक महिने पैसे पाठवले तरी एकच. त्यामुळे 'अमुक देशाने तीस उपाय केले आणि तमुकने दहाच' अशी शर्यत लावणाऱ्या बातम्या बघितल्या की मला फार त्रास होतो, कारण दहावाल्याचं काम तीसवाल्यापेक्षा मोठं असू शकतं. हिंसाचाराच्या पेटीत ८५३ आहेत म्हणून तिथे सगळं झालं असं पण समजू नका. लॉकडाऊनमध्ये मारणारा माणूस त्याच घरात चोवीस तास असताना बाई फोन कुठून करणार, हा प्रश्न ओळीत लिहिलेला नसतो, तो वाचणाऱ्यानेच विचारायचा असतो.

आमच्या गटात सगळ्यात लांब वाद झाला तो 'जेंडरचा विचार असलेला' उपाय म्हणजे काय यावरून. आम्ही ट्रॅकरच्या ओळी घेऊन आमची वेगळी वर्गवारी करत होतो, दोघीदोघींनी एकमेकींचं न बघता तीच ओळ कोड करायची, म्हणजे ती कुठल्या वर्गात बसते ते ठरवायचं, आणि मग जुळवून बघायचं, अशी पद्धत. मुलं सांभाळायला फक्त आईलाच रजा, असा उपाय आला की आमचं कधीच जुळेना. एकजण म्हणायची, बाईची नोकरी वाचली ना, मग चांगलाच उपाय. दुसरी म्हणायची, अगं पण याचा अर्थ सरकारच सांगतंय की मुलं ही आईचीच जबाबदारी, उद्या मालक बाईला कामावर घेतानाच विचार करेल. दोघीही बरोबर होत्या. शेवटी आम्ही एकच कॉलम होता तो तोडून दोन केले, एकात 'आत्ता बाईला मदत झाली का' आणि दुसऱ्यात 'कामाची वाटणी बदलली का'. ट्रॅकरमध्ये ही दुसरी गोष्ट तयार मिळत नाही, ती तुमची तुम्हालाच वाचून काढावी लागते, पण वर्णनं पुरेशी दिली आहेत म्हणून ती काढता येते, आणि हा मोठाच फायदा आहे.

खूप वापरलेला दुसरा भाग म्हणजे टास्क फोर्सचा. कोविडसाठी सरकारांनी ज्या समित्या नेमल्या त्यात बायका किती, हे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या एका रिसर्च लॅबसोबत गोळा केलंय. मार्च २०२१ मध्ये जे आकडे आले त्यात १३७ देशांमधल्या २२५ टास्क फोर्सची माहिती होती आणि त्यात बायका २४ टक्के. २६ देशांत तर एकही बाई नव्हती. आरोग्य आणि सामाजिक काळजीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये जगभरात जवळजवळ ७० टक्के बायका आहेत, म्हणजे पीपीई किट घालून वॉर्डात उभ्या त्या आणि ठरवणाऱ्यांच्या टेबलावर दर चार खुर्च्यांमागे एक. काळजीच्या पेटीत २२६च का, याचं सगळं उत्तर इथे आहे असं मी म्हणणार नाही, पण हे दोन भाग शेजारी शेजारी उघडून बघा.

हा ट्रॅकर एकटा पुरत नाही हेही सांगायला हवं. तो सरकारने काय केलं ते सांगतो, आजार कुणाला कसा झाला ते नाही. त्यासाठी ग्लोबल हेल्थ ५०/५० या आरोग्यातल्या स्त्री-पुरुष समानतेवर काम करणाऱ्या संस्थेने आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटर आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन यांच्यासोबत केलेला दुसरा ट्रॅकर आहे, त्यात टेस्ट, केसेस, हॉस्पिटलमध्ये भरती, आयसीयू, मृत्यू, लस हे सगळं स्त्री-पुरुष वेगळं करून ठेवलंय. लागण दोघांना साधारण सारखी पण मृत्यू पुरुषांचे जास्त, हे चित्र अनेक देशांच्या आकड्यांतून तिथे दिसतं, आणि जेंडर म्हणजे फक्त बायकांचा विषय असं ज्यांना वाटतं त्यांना मी मुद्दाम हेच पान दाखवते. तिथल्या रिकाम्या जागा पण बघा, कारण कित्येक देशांनी मृत्यू मोजले पण स्त्री की पुरुष हे सांगितलंच नाही. वैद्यकीय अभ्यासांमध्येही तेच, २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात कोविडवरच्या ४,४२० नोंदणीकृत अभ्यासांपैकी फक्त १७८ मध्ये स्त्री-पुरुष फरकाचं विश्लेषण करू असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं.

आणि कॅनडा, ब्रिटन, हाँगकाँग, केनिया, नायजेरिया, बांगलादेश, ब्राझील अशा ठिकाणच्या संशोधकांनी मिळून चालवलेल्या जेंडर अँड कोविड-१९ प्रोजेक्टचं जेंडर मॅट्रिक्स आहे, ते एक मोठं कोष्टक आहे, पैसा-साधनं कुणाच्या हातात, काम कोण करतं, समाजाच्या समजुती काय, निर्णय कोण घेतं असे प्रश्न आणि त्यासमोर आजाराचे टप्पे. याच मंडळींपैकी तिघींनी ६ मार्च २०२० ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या साथीचे जेंडरवरचे परिणाम बघा म्हणून लिहिलं होतं, डब्ल्यूएचओने महामारी म्हणायच्या पाच दिवस आधी. नवीन माणसाने मॅट्रिक्स आधी वाचावं आणि मग ट्रॅकर उघडावा, म्हणजे ओळींना काय विचारायचं ते कळतं. आम्ही उलट केलं आणि दोन महिने घालवले.

अशा कामात माणसं कशी जोडलेली असतात त्याबद्दलही लिहिते, कारण टूल वापरणारी माणसं त्याच महामारीत जगत होती. आमचा कॉल कुणाच्या पहाटे तर कुणाच्या मध्यरात्री व्हायचा. जी व्हिडिओ सेवा आम्ही घेतली होती (नाव घेत नाही) तिचं आपोआप टाइप होणारं टिपण अमेरिकन उच्चार सोडून कुणाचंच धड पकडायचं नाही, त्यामुळे बैठकीनंतर दोन तास कुणीतरी बसून ते सुधारायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे दर वेळी आमच्यातली एक बाईच, हे तिसऱ्या महिन्यात लक्षात आल्यावर आम्ही पाळी लावली. एकीचं लहान बाळ मांडीवर असायचं, ती माइक बंद ठेवून चॅटमध्ये एका हाताने लिहायची, आणि तिची वाक्यं अर्धी अर्धी यायची, पण त्या अर्ध्या वाक्यांत जे मुद्दे असायचे ते आमच्या पेपरात सगळ्यात पक्के ठरले. पहिल्या लाटेत जर्नलांकडे पेपर पाठवण्यात बायका पुरुषांच्या मागे पडल्या हे मोठ्या प्रकाशकाच्या डेटावरून दिसलेलं आहे, आणि लहान मुलं असलेल्या संशोधकांचे कामाचे तास सगळ्यात जास्त घटले हेही. काळजीच्या पेटीबद्दल आम्ही इतकं चिडून का लिहितो असं आमचा पेपर तपासणाऱ्या एका समीक्षकाने विचारलं होतं. त्याला आम्ही आकडे पाठवले, पण उत्तर लिहिताना मला ती मांडीवरच्या बाळाची खिडकी दिसत होती.

तर कुणी वापरावं? पत्रकार, विद्यार्थी, संस्थांमध्ये काम करणारे, धोरणावर बोलणारे, सगळ्यांनी. फक्त हा त्या काळाचा डेटा आहे, आजच्या योजनांची यादी म्हणून वापरू नका. देशादेशांची तुलना करायची तर आधी दोन्हीकडची वर्णनं वाचा. शक्य असेल तर तुमच्या देशाच्या ओळी मूळ सरकारी आदेशाशी ताडून बघा, आणि मूळ आदेश स्थानिक भाषेत असेल तर ती भाषा येणारा माणूस बरोबर घ्याच, आंतरराष्ट्रीय गटाचा खरा उपयोग तिथे होतो, इंग्रजी सारांशात 'कुटुंबाला मदत' असं दिसतं आणि मूळ आदेशात पैसे 'कुटुंबप्रमुखाच्या' खात्यात लिहिलेले असतात.

पाचपैकी चार देते. एक तारा 'पोचलं की नाही' या कॉलमसाठी राखून ठेवलाय. आमच्या फाइलमध्ये तो कॉलम आम्हीच जोडलाय, आत्तापर्यंत सोळा ओळी भरून झाल्यात, सतराव्या ओळीतल्या मदतीचे पैसे खरंच कुणाला मिळाले ते शोधायला आमची एक सहकारी गेले तीन आठवडे लोकांना फोन करतेय.