विणलेले नंदी आणि भरतकामाच्या पिशव्या: वर्षभराच्या वापरानंतर काय टिकलं, काय उसवलं

गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाला, नागपुरात भेट दिलेले विणलेले नंदी, सोबतची छोटी संत्री आणि विणकाम ठेवण्याच्या भरतकामाच्या पिशव्या आता हिवाळा, मे महिना आणि निम्मा पावसाळा पाहून झाल्या आहेत. खेळणी दीड ते पाच वर्षांच्या मुलांकडे होती, पिशव्या रोज विणणाऱ्या बायकांकडे. म्हणजे दोन्ही वस्तू शोकेसमध्ये बसल्या नाहीत, भरपूर वापरल्या गेल्या. नमुना किती गोड दिसतो यावर त्यांचं टिकणं अवलंबून नव्हतं. वीण किती घट्ट होती, आत काय भरलं, डोळे कशाचे केले आणि पिशवीला अस्तर होतं का, या चार गोष्टींनी सगळं ठरवलं.

आधी लोकर. चार पदरी साधी अ‍ॅक्रिलिक लोकर या कामाला सगळ्यात चांगली ठरली. मऊ, फुलारलेली 'बेबी' लोकर हाताला छान लागते, पण मूल ज्या जागी धरतं तिथे, म्हणजे मान, पाय आणि शेपटीवर, तिला लवकर गोळे येतात. घट्ट पिळाच्या लोकरीला ते फार कमी आले. सुती धाग्याला गोळे कमी येतात, रंगही सुंदर दिसतो, मात्र तो जड असतो आणि त्यात ताण धरून ठेवण्याची लवचिकता कमी असते. त्यामुळे सुती नंदीची मान काही महिन्यांत खाली आली. सुती धागा संत्र्यासारख्या गोल, अवयव नसलेल्या खेळण्यासाठी ठेवावा. शुद्ध लोकर लहान मुलांच्या खेळण्याला आमच्या मते नकोच. गरम पाण्यात घोळली की ती आटते, आणि पावसाळ्यात बंद कपाटात तिला कसर लागते. मूल जे तोंडात घालतं त्याच्याजवळ डांबरगोळ्या ठेवता येत नाहीत.

सुई मात्र लेबलवर लिहिलेली वापरू नका. तो आकडा स्वेटरसाठी असतो, कारण स्वेटर अंगावर पडायला हवा. खेळण्यात आतला कापूस बाहेर दिसता कामा नये. चार पदरी लोकरीला 10 नंबरऐवजी 12 नंबरची, म्हणजे 2.75 मि.मी.ची सुई घ्या (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते). 10 सें.मी.मध्ये साधारण 28 टाके आणि 38 ओळी बसल्या पाहिजेत. तुकडा विणून झाला की दोन्ही हातांनी हलका ताणून उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेडाचे ठिपके दिसले तर एक नंबर बारीक सुई घेऊन पुन्हा विणा. हे आळसाने टाळलं तर गडद रंगाच्या नंदीवर पांढरे ठिपके दिसतात आणि चार-सहा धुण्यांनंतर भरण बाहेर यायला लागतं. उन्हाळ्यात तळहाताला घाम आला की अ‍ॅक्रिलिक लोकर धातूच्या सुईवर चिकटते, हात आपोआप आवळतो आणि एकाच तुकड्यात दोन प्रकारची वीण दिसते. एप्रिल-मेमध्ये बांबूची सुई घ्यावी, तिच्यावर घाम तितका जाणवत नाही.

नंदीचं धड असं. 10 टाके घाला, एक ओळ उलट. पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात पुढून आणि मागून विणून 20 करा. एक ओळ उलट. मग 1 सुलट, पुढच्यात वाढ, असं करत 30. उलट ओळ. मग 2 सुलट, तिसऱ्यात वाढ, असे 40. यानंतर 28 ओळी, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मग त्याच क्रमाने उलटं या: 2 सुलट, 2 एकत्र, असे 30. उलट ओळ. 1 सुलट, 2 एकत्र, असे 20. उलट ओळ. शेवटी सगळे दोन-दोन एकत्र करून 10, आणि धागा कापून त्यांतून ओवून घट्ट ओढा. भरल्यावर साधारण 9 सें.मी. लांबीचं धड होतं. वाढवताना सुईवर नुसता धागा घेऊन टाका वाढवू नका, त्याने भोक पडतं आणि भरण तिथूनच डोकावतं.

डोकं याच पद्धतीने 30 टाक्यांपर्यंत वाढवून मधल्या 10 ओळींचं. वशिंड विसरू नका, त्याच्याशिवाय तो नंदी दिसत नाही, कुठलंही जनावर दिसतं. वशिंडासाठी 16 टाके, 4 ओळी, मग दोन-दोन एकत्र करत 8 आणि धागा ओढून बंद. ते खांद्यावर, डोक्यामागे लगेच बसवायचं. पाठीच्या मध्यावर गेलं की उंट होतो.

पायांबाबत आमचं मत पक्कं झालं आहे: उभा नंदी करू नका. 14 टाक्यांचे चार पाय कितीही ठासून भरले तरी महिन्याभरात फाकतात, कारण अख्ख्या धडाचं वजन शिवणीच्या एका गोल रेषेवर येतं. काही जणी आत तार घालतात. लहान मुलाच्या खेळण्यात तार कधीच नको, वाकून वाकून ती तुटते आणि टोक लोकरीतून बाहेर येतं. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर असतो तसा बसलेला नंदी करा. पुढचे पाय दुमडून छातीखाली, मागचे पोटाला चिकटवून, आणि पूर्ण लांबीने शिवून टाका. असे बसलेल्या एकाही नंदीचे पाय उसवले नाहीत. चाकांचा, दोरीने ओढायचा लाकडी नंदी मिरवणुकीला हवाच, त्याची जागा हा घेत नाही. ज्या बाळाला लाकडी बैल अजून उचलवत नाही, त्याच्यासाठी हा.

दुरुस्तीला सगळ्यात जास्त आली ती शिंगं. 6 टाक्यांची, 10 ओळींची शिंगं नुसती कडेने शिवली तर मूल तिथेच पकडून उचलतं आणि ती निघतात. शिंगं शिवताना लांब धागा डोक्यातून आरपार दुसऱ्या शिंगात न्या, परत आणा, असं दोनदा करा, आणि मग कडेने दोन फेरे टाका. कानांनाही हेच. सुटलेलं शिंग गंमतीची गोष्ट नाही. 31.7 मि.मी. व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावेल असा कुठलाही तुकडा तीन वर्षांखालच्या मुलासाठी घशात अडकण्याचा धोका मानला जातो, आणि हे शिंग त्यात सहज मावतं. म्हणूनच डोळ्यांना मणी, बटणं, प्लॅस्टिकचे डोळे काहीच लावू नयेत. मागून चकती बसवायचे डोळे 'सुरक्षित' म्हणून विकले जातात, पण विणलेल्या कापडात टाका ताणला की चकतीसकट ते बाहेर येऊ शकतात. काळ्या धाग्याने तीन-चार आडवे भरीव टाके घाला, वर पांढऱ्याचा एक बारीक टाका. नजर जिवंत दिसते आणि निघण्यासारखं काही राहत नाही. गळ्यात घुंगरू आणि लांब गोंडे लावायचा मोह होतो. त्याऐवजी गळ्याभोवती लाल-पिवळी साखळी भरा. पाठीवरची झूलही वेगळी विणून चारही बाजूंनी शिवून टाका.

भरण पॉलिस्टर फायबरचंच. विदर्भात राहून कापूस नको म्हणणं जड जातं, पण साधा पिंजलेला कापूस धुतल्यावर गोळा होतो, आतून दोन-दोन दिवस ओला राहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याला कुबट वास येतो. शिंप्याकडची कात्रणं तर आणखी वाईट, जड होतात आणि आकार खडबडीत येतो. एका नंदीला अंदाजे 20 ते 25 ग्रॅम लोकर आणि जवळपास तेवढंच भरण लागतं. फायबरचा मोठा गोळा एकदम कोंबू नका. चिमूट चिमूट मोकळं करून आधी टोकांना, मग कडेने, शेवटी मध्ये भरा. मधूनच सुरुवात केली की कडा पोकळ राहतात आणि तिथे सुरकुत्या पडतात. पहिल्या धुण्यानंतर भरण थोडं बसतं, म्हणून हाताला वाटतं त्यापेक्षा किंचित जास्तच भरा, मात्र टाके फाकण्याइतकं नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी संत्र्यापासून सुरुवात करावी. धडाचाच हिशेब, मधल्या ओळी 28 ऐवजी 14. विणीची उलट बाजू बाहेर ठेवली की सालीसारखी खरबरीत दिसते. वर हिरव्या लोकरीचं एक पान, तेही दोन फेऱ्यांनी पक्कं शिवलेलं.

धुण्याबद्दल थोडक्यात: जाळीच्या पिशवीत घालून मशीनच्या थंड, नाजूक फेरीवर, मग टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली. इस्त्री किंवा वाफ अजिबात नाही. गरम वाफ लागली की अ‍ॅक्रिलिक लोकर मरते, ढिली आणि लुळी होते आणि पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही.

आता पिशवी. बाहेरून कॅसमेंट (जाडसर सुती कापड) किंवा जाडसर खादी, आतून फिक्या रंगाची पॉपलीन. गांधीबाग-इतवारीत कटपीसमध्ये दोन्ही सहज मिळतात. अस्तर फिकं हवं, कारण गडद अस्तरात काळी सुई आणि टाक्यांच्या खुणेची रिंग सापडत नाही. दोन्ही कापडं रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाहेरचं आणि आतलं वेगवेगळं आटतं आणि भरतकामाभोवती चुण्या पडतात.

मापं: बाहेरचे दोन तुकडे 27 × 30 सें.मी., अस्तराचे दोन 26.5 × 30. सगळीकडे शिवण 1 सें.मी. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून 4 सें.मी.चा चौकोन कापला की तळ 8 सें.मी. रुंद होतो. तयार पिशवी 24 सें.मी. उंच, तळ 17 × 8, त्यात 100 ग्रॅमचा गुंडा आणि अर्धवट खेळणं आरामात राहतं. नेफ्यासाठी 25 × 8 च्या दोन पट्ट्या. आखूड कडा 1 सें.मी. दुमडून शिवा, पट्टी लांबीत अर्धी दुमडा आणि बाहेरचं कापड व अस्तर यांच्या मध्ये ठेवून वरची टीप मारा. पट्टी दोन्ही बाजूंना 1 सें.मी. आखूड पडते, तिथूनच नाडी बाहेर येते. 70 सें.मी.च्या दोन नाड्या, एक डावीकडून, एक उजवीकडून ओवा. एकाच नाडीने पिशवी एका बाजूला ओढली जाते आणि नेफ्याचं टोक तिथे फाटतं. चेन लावू नका, चालू विणकामाची लोकर तिच्यात हमखास अडकते. वेल्क्रो तर लोकरीचा शत्रूच.

भरतकाम शिवणाच्या आधी करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, जागा मात्र चुकते. खालून 5 सें.मी. तळ आणि शिवणीत जातात, बाजूंचे 4-5 सें.मी. वळतात, वर नाडी ओढल्यावर चुण्या येतात. म्हणून नक्षी खालच्या कडेपासून निदान 8, वरून 6 आणि दोन्ही बाजूंनी 6 सें.मी. आत ठेवा. साधारण 15 सें.मी. रुंदीची चौकट हाती राहते आणि 15 सें.मी.ची भरतकामाची रिंग तिला पुरते. रिंग रात्रभर लावून ठेवली तर गोल डाग उमटतो, तो लवकर जात नाही.

अँकर कंपनीच्या भरतकामाच्या धाग्याच्या लडीत सहा पदर आणि 8 मीटर धागा असतो. बाह्यरेषेला दोन पदर, पानांना तीन, एका वेळी 45 सें.मी.पेक्षा लांब धागा नको. वर्षभरात देठाचा टाका, साखळी आणि उलटी टीप जशीच्या तशी राहिली. खराब झाले ते 1 सें.मी.हून लांब भरीव टाके, सुईची टोकं त्यांत अडकून धागा वर आला. संत्र्याच्या फोडी भरायच्या असतील तर लांब-आखूड टाक्यांनी तुकडे पाडून भरा. गाठीचे टाके दाट गुच्छात टिकले, एकटे-दुकटे घासून सैल झाले. आणि अस्तर नसलेल्या पिशवीत मागचे लोंबते धागे विणकामाच्या सुईत गुंतले, त्यामुळे पुढची नक्षीच आत ओढली गेली. लाल आणि गडद निळ्या धाग्याचा रंग जातो का, हे आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून पाहा.

नक्षी उतरवण्याबद्दल एक नागपुरी सावधगिरी. इस्त्रीने पुसली जाणारी पेनं सोयीची आहेत, पण त्यांची शाई साधारण 60 अंशांच्या आसपास नाहीशी होते. मेमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीत कापड राहिलं तर अर्धवट भरलेली नक्षी पुसली जाऊ शकते. शिवाय खूप थंडीत ती रेघ परत उमटते. पाण्याने जाणारं निळं पेन घ्या, मात्र रेघा थंड पाण्यात पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. उष्णतेने त्या कायमच्या बसतात. तयार पिशवी उलटी करून सावलीत वाळवा. मेच्या उन्हात केशरी आणि गुलाबी धागे फिके पडतात.

ही खेळणी विकायचा विचार असेल तर 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश आधी समजून घ्या. 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

भेट देताना पिशवीच्या आत 10 × 12 सें.मी.चा खिसा ठेवा आणि त्यात त्याच लोकरीचे दोन मीटर, एक बोथट टोकाची जाड सुई आणि धुण्याची चिठ्ठी घाला. शिंग सैल झालं तर त्याच दिवशी घरी शिवलं जातं, आणि शिवेपर्यंत नंदी मुलाच्या हातात द्यायचा नाही, हेही चिठ्ठीत लिहा.