सदोष बांधकामाची तक्रार: महारेरा की ग्राहक आयोग?

नव्या सदनिकेच्या फरशीवर नाण्याने हलकेच ठोकत गेले, की भरीव आणि पोकळ आवाजांतला फरक कोणालाही कळतो. आमच्या घरात स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत अकरा टाइल्स पोकळ वाजल्या, आणि त्याच जुलैत शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीचा रंग पोपडे धरून सुटू लागला. साइट इंजिनिअर दोनदा आले, बाहेरच्या भेगेवर सिमेंटचा हात फिरवून गेले, आणि पुढच्या जोराच्या पावसात ओल होती तेथेच पुन्हा उमटली. अशा वेळी केस करण्याचा सल्ला सगळेच देतात. ती कोठे करावी, याबद्दल मात्र दोघांचे एकमत होत नाही. महाराष्ट्रातील घरमालकापुढे प्रत्यक्षात दोन दारे असतात, महारेरा (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) आणि ग्राहक आयोग. यांपैकी कोणते चांगले, या प्रश्नात फारसा अर्थ नाही, असे माझे मत आहे. आपल्याला दुरुस्ती हवी आहे की पैसे, आणि ताबा मिळून किती काळ लोटला आहे, या दोन गोष्टींवरच निवड ठरते.

दिवाणी न्यायालयाचा विचार थोडक्यात आटोपता येईल. रेरा, म्हणजे ज्याखाली महारेरा चालते त्या स्थावर संपदा कायद्याच्या कक्षेतील बाबींवर दिवाणी दावा चालवण्यास कलम ७९ने मनाई आहे. करारनाम्यात लवादाचे कलम (वाद खासगी लवादाकडे सोपवण्याची अट) आहे म्हणून तुम्हाला ग्राहक आयोगात जाता येणार नाही, असे बिल्डरचे कार्यालय सांगत असेल, तर तेही खरे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच हा मुद्दा ग्राहकाच्या बाजूने निकाली काढला आहे.

मुदतीच्या बाबतीत रेरा उघडपणे उदार आहे. कलम १४(३)नुसार ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यातील, कारागिरीतील, गुणवत्तेतील किंवा सेवांमधील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत, कोणतेही पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तसे न केल्यास नुकसानभरपाईचा हक्क निर्माण होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्या माफीच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. ताब्यानंतर चौथ्या पावसाळ्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले, तर मूळ काम तेव्हाचेच सदोष होते आणि मुदत कधीच संपली, असा युक्तिवाद समोरून हमखास येतो. महारेरापुढे मात्र ताबापत्राची तारीख आणि दोष कळवणाऱ्या पत्राची पोच एवढ्यावर हा वाद बहुधा मिटतो. म्हणूनच दूरध्वनीवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर झालेल्या तक्रारींवर विसंबू नये. नोंदणीकृत टपालाने एक पत्र आणि त्याच मजकुराचा ई-मेल पाठवावा.

व्याप्तीत पारडे उलट बाजूला झुकते. रेरा हा विकासकाने विकण्यासाठी बांधलेल्या प्रकल्पांचा कायदा आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. आपल्याच प्लॉटवर कंत्राटदाराकडून बंगला बांधून घेतलेल्या माणसाला महारेराचा उपयोग नाही. त्याच्यासाठी ग्राहक आयोग हेच योग्य दार आहे, कारण घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा आहे, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच स्पष्ट केले होते. तालुक्याच्या गावी घर बांधणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते, आणि ते कंत्राटदाराच्या शेवटच्या हप्त्याचे पैसे अडवून धरणे हाच एकमेव उपाय समजतात.

पुराव्याच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी मेहनत सारखीच आहे. भिंतीवरील डागाची छायाचित्रे पुरेशी नसतात. तो डाग कोठून येतो, हे सिद्ध करावे लागते. बाथरूमची जाळी बंद करून फरशीवर बोटभर पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवावे आणि खालच्या घराच्या छताची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) आहे का, कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का, हे स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून मोजून घ्यावे आणि त्याच्या अहवालात प्रत्येक दोषासमोर दुरुस्तीचा अंदाजित खर्च लिहून घ्यावा. महारेराच्या आदर्श करारनाम्यातील एका अटीकडे येथे विशेष लक्ष वेधतो: विकासकाच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, शौचालय किंवा स्वयंपाकघरात नळ, पाइप वा बांधकामाचे फेरफार केले आणि त्यामुळे गळती होऊ शकत असेल, तर दोषदायित्वच, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची विकासकाची जबाबदारीच, संपुष्टात येते. ताबा मिळताच उत्साहाने बाथरूमच्या टाइल्स बदलणाऱ्या कुटुंबांना हे कलम पुढे फार महागात पडते, आणि विकासकाचा पहिला आक्षेपही नेमका हाच असतो. टाइल्स बदललेल्या असतील, तर मूळ वॉटरप्रूफिंगला हात लागला नव्हता, हे दाखवण्याची तयारी तक्रारदाराने आधीपासून ठेवावी.

खर्चाचा विचार केल्यास महारेराकडे तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. ग्राहक आयोगात मोबदल्याच्या रकमेनुसार शुल्क ठरते: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, वीस ते पन्नास लाखांसाठी १,००० रुपये, पन्नास लाख ते एक कोटीसाठी २,००० रुपये. जिल्हा आयोग पन्नास लाखांपर्यंतची, तर राज्य आयोग त्यापुढे दोन कोटींपर्यंतची प्रकरणे ऐकतो, आणि येथे पाहिली जाते ती घरासाठी दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. त्यामुळे ऐंशी लाखांच्या घरातील दोन लाखांच्या ओलीसाठीसुद्धा राज्य आयोगाकडे जावे लागते, ही मला या व्यवस्थेतील सर्वांत गैरसोयीची बाब वाटते. वकील लावण्याची सक्ती दोन्हीकडे नाही. निकालाची मुदत कायद्यात महारेरासाठी साठ दिवस आणि ग्राहक आयोगासाठी तीन महिने लिहिलेली आहे. दोन्ही मुदती कागदावरच्या समजून चालावे.

निकालानंतरचा टप्पा बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. महारेराने भरपाईचा आदेश दिला आणि विकासकाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. ऐकायला हे भारदस्त वाटते, परंतु जप्त करण्याजोगी मालमत्ता शोधून तहसील कार्यालयाचा पाठपुरावा शेवटी तक्रारदारालाच करावा लागतो. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा किमान पंचवीस हजारांचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम ७२मध्ये आहे, आणि अटकेच्या भीतीने पैसे भरणाऱ्या छोट्या कंत्राटदारावर तिचा परिणाम अधिक होतो. अपिलातही फरक आहे: जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध अपील करणाऱ्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तर रेरा अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाणाऱ्या विकासकाला भरपाईच्या आदेशाची संपूर्ण रक्कम व्याजासह जमा करावी लागते.

हे दोन्ही मार्ग परस्परांना छेद देत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. तरी एकाच दोषासाठी दोन्हीकडे तक्रार करून वेळ वाया घालवू नये. घर विकासकाचे, ताबा पाच वर्षांच्या आतला आणि मागणी दुरुस्तीची असेल, तर मी महारेरा सुचवीन. गच्ची, लिफ्ट, ड्रेनेज यांसारख्या सामाईक दोषांसाठी सोसायटीच्या नावाने तक्रार करणे अधिक परिणामकारक ठरते. दुरुस्ती स्वखर्चाने करून झाली असेल, बिले हातात असतील आणि दोन वर्षे उलटलेली नसतील, किंवा समोर विकासक नसून कंत्राटदार असेल, तर ग्राहक आयोग.

आम्हाला भिंत कोरडी हवी होती, म्हणून आम्ही महारेराच्या सलोखा मंचाची वाट धरली. ग्राहक संघटना आणि विकासकांच्या संघटना या दोहोंचे प्रतिनिधी तेथे एकत्र बसतात, आणि दोन्ही पक्षांची तयारी असेल तरच बैठक होते. तेथे आमची चूक होता होता राहिली. विकासकाच्या प्रतिनिधीने आणलेल्या मसुद्यात बाह्य भिंतीचे वॉटरप्रूफिंग महिनाभरात करून देण्यात येईल आणि त्यानंतर कोणतीही तक्रार उरणार नाही, असे एकच वाक्य होते, आणि तो महिना होता फेब्रुवारी. आम्ही सही थांबवली आणि मसुद्यात कामाची पद्धत, वापरायचे साहित्य, फुटलेल्या टाइल्सची बदली यांसोबत एक अट घालून घेतली: काम झाल्यावर एक संपूर्ण पावसाळा जाईल, ऑक्टोबरमध्ये दोन्ही पक्षांच्या अभियंत्यांनी भिंत पाहिल्यावरच तक्रार मिटल्याचे लिहून दिले जाईल.