टेलव्हीलच्या कामात झालेली माझी फसवणूक

मोठे रेडिओ कंट्रोल विमान बाळगणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतील मंडळींनी, विशेषतः ज्यांना टेलव्हीलची, म्हणजे शेपटाखालच्या लहान चाकाची, जुळणी स्वतः करायला वेळ मिळत नाही त्यांनी, हा अनुभव जरूर वाचावा.

माझे विमान ५० सीसी पेट्रोल इंजिनाचे, सव्वादोन मीटर पंखविस्ताराचे आणि साधारण साडेसात किलो वजनाचे आहे. पावसाळ्यात जुने टेलव्हील गंजले, तेव्हा मी ते विमान ऐरोलीहून ठाणे स्टेशनजवळच्या एका विक्रेत्याकडे नेऊन दिले. चाक धरून ठेवणारा परदेशी बनावटीचा कार्बन फायबरचा ब्रॅकेट, आतून प्लायवुडचा आधार आणि चाक वळवण्यासाठी दोन्ही बाजूंना स्प्रिंग, असे संपूर्ण काम त्याने ९,५०० रुपयांत करून देण्याचे कबूल केले. बिल मागितल्यावर तो म्हणाला, "बिल हवं असेल तर १८ टक्के जास्त पडतील, साहेब. आपल्यात बिल कशाला?" मी तिथेच हट्ट धरायला हवा होता. दोन आठवड्यांनी विमान ताब्यात घेताना शेपटावर नवी फिल्म, म्हणजे प्लास्टिकचे पातळ आवरण, चढवलेली होती, काम वरून देखणे दिसत होते, आणि मी उरलेली रक्कम यूपीआयने भरून मोकळा झालो.

पुढच्या रविवारी बदलापूरच्या पुढच्या धावपट्टीवर चालण्याच्या वेगाने टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवरच चालवत, असताना चाक एका लहान खड्यावर आदळले. विमान गर्रकन वळले आणि मित्र उभे होते त्या बाजूला निघाले. मी लगेच इंजिन बंद केले, म्हणून बावीस इंची प्रोपेलर कोणाच्या पायापर्यंत पोहोचला नाही. पाहतो तर रडर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणारा शेपटाचा उभा भाग, सैल पडून हलत होता, कारण तो फिरवणाऱ्या सर्व्होचे, म्हणजे छोट्या मोटरचे, दाते तुटले होते.

घरी येऊन फिल्म कापली. कबूल केलेल्या स्प्रिंगच्या जागी रडरच्या हॉर्नपासून (त्याला वळवणाऱ्या छोट्या दांडीपासून) चाकाच्या आडव्या दांडीपर्यंत एक कडक तार सरळ जोडलेली होती. मोठ्या विमानात स्प्रिंग लावतात ते याच कारणासाठी, की रडर वळला की स्प्रिंग चाकाला ओढते, पण चाक दगडावर आपटले तर ती ताणली जाते आणि धक्का सर्व्होपर्यंत जात नाही. कडक तारेत मात्र प्रत्येक खडा थेट सर्व्होच्या दात्यांवर बसतो. तेच दाते हवेत तुटले असते, तर मोकळा रडर फडफडत राहिला असता आणि त्यानंतर काय झाले असते याचा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो. प्लायवुडचा तर मागमूस नव्हता. स्क्रू सरळ बाल्सात, म्हणजे मऊ हलक्या लाकडात, पिळून भोवती इपॉक्सी ओतले होते आणि त्यांतले दोन एव्हाना सैल झाले होते.

ब्रॅकेटचा संशय मला त्याच्या लवचीकपणामुळे आला. विमानाच्या नुसत्या वजनानेच पट्टी इतकी वाकत होती की चाकाचा उभा अक्ष मागे कलत होता. कडेचा रंग पॉलिश पेपरने खरवडल्यावर आत फिकट हिरवट धागे दिसले, म्हणजे ते ग्लास फायबर होते आणि वर काळा रंग फासलेला होता. याची खात्री मल्टीमीटरने करता येते, कारण कार्बन फायबरमधून वीज वाहते आणि ग्लास फायबरमधून वाहत नाही. मात्र दोन्ही टोके खरवडून, धागे उघडे करूनच तपासावे, कारण राळेचा किंवा रंगाचा थर असेल तर खऱ्या कार्बनवरही मीटर काहीच दाखवत नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानात उभ्या उभ्या ही तपासणी पाच मिनिटांत झाली असती.

सर्वांत जास्त चीड मला शिशाची आली. जुन्या जोडणीपेक्षा ही नवी ८० ग्रॅम जड होती. शेपूट गुरुत्वमध्यापासून ११० सेंटिमीटर मागे आणि इंजिनाची पेटी ४० सेंटिमीटर पुढे असल्याने तोल राखायला पुढे २२० ग्रॅम लागतात, आणि तेवढे शिसे त्याने मला एका शब्दानेही न सांगता पेटीत चिकटवले होते. गुरुत्वमध्य जागेवर आला की गिऱ्हाईक शेपटाचे वजन पाहणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून काम देण्यापूर्वी आणि परत घेताना विमानाचे वजन करा आणि दोन्ही आकडे त्याच्यासमोर लिहून ठेवा.

फोन केला तेव्हा आधी "धावपट्टी खराब असेल" असे उत्तर मिळाले, मग उत्तर मिळणेच बंद झाले. बिल नसले तरी यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरील 'कार्बन फायबर' व 'स्प्रिंग' हे त्याचे स्वतःचे शब्द जपलेले होते. त्यांच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

तो खरवडलेला ब्रॅकेट आणि शिशाचा तुकडा मी जपून ठेवला आहे. असेच काम कोणी करून घेतले असेल आणि ताडून पाहायचे असेल, तर विमान घेऊन ऐरोलीला या, मल्टीमीटर माझ्याकडे आहे.