मिरज–सांगली सायकल आणि ताटात एकच भाकरी : दिवाळी ते गणपतीचा अनुभव

गेल्या दिवाळीची सुट्टी संपली आणि मी दोन गोष्टी एकदम सुरू केल्या. ऑफिसला मिरजेहून सांगलीला सायकलनं जायचं आणि जेवणातली कर्बोदकं कमी करायची. आता गणपती होऊन गेले. थंडी, ऊन, पाऊस, तिन्ही झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगते. सायकल मी कुणालाही निःशंकपणे सुचवीन. लो-कार्ब मात्र बेतानं, आपल्या अंगाला आणि आपल्या डॉक्टरांना विचारून. आणि दोन्ही एकत्र करायची असतील तर किती खायचं याच्याइतकंच कधी खायचं हेही महत्त्वाचं आहे. मला सगळ्यात जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला.

माझं वय ४६. आईला मधुमेह आहे. माझी एचबीएवनसी ६.१ आली होती. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. व्यायाम वाढवा, भात-पोळी कमी करा, चार महिन्यांनी परत तपासा, एवढंच म्हणाले. जिमला जायला वेळ नाही. ऑफिसला तर रोज जायचंच असतं, मग व्यायाम त्यातच बसवला.

सायकल साधी लेडीज आहे. २६ इंची चाकं, एकच गिअर, पुढे बास्केट, मागे कॅरिअर. ऑफिसमधल्या मुलांनी गिअरचीच घ्या म्हणून फार आग्रह केला, पण मिरज-सांगली रस्ता सपाट आहे आणि माझं अंतर एका बाजूनं आठेक किलोमीटर. मी गिअरपेक्षा चेनकव्हर बघितलं. पूर्ण बंद चेनकव्हर असेल तर सलवारीला तेल लागत नाही आणि कापड अडकत नाही. ओढणी मी पिशवीतच ठेवते आणि ऑफिसात पोचल्यावर घेते. दुकानदार सीट फार खाली लावून देतात, म्हणजे थांबल्यावर दोन्ही पाय आरामात टेकतात, पण आठ किलोमीटरला गुडघे दुखतात. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. सायकल बदलावी लागत नाही, फक्त पाना लागतो.

या रस्त्याची एक गोष्ट मला फार आवडते. मिरजेहून सांगलीकडे जाताना तोंड पश्चिमेकडे असतं, येताना पूर्वेकडे. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा ऊन पाठीवर येतं, डोळ्यांवर कधीच येत नाही. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र तेच ऊन असतं, आणि तो उजवीकडे वळायला लागला की त्याला आपण दिसत नाही. सांगलीतल्या विश्रामबागच्या चौकात मी याच कारणानं सकाळी वेग कमी करते आणि समोरच्या गाडीनं मला पाहिलंय याची खात्री झाल्याशिवाय पुढे जात नाही. भडक रंगाचं जाकीट घ्या असं सगळे सांगतात, ते घ्याच, पण सूर्य कुठे आहे हेही बघा.

चढ नाही म्हणून हा रस्ता सोपा वाटतो. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा कळतं, वारा हाच आमचा घाट. उन्हाळ्यात पस्तीस मिनिटांत होणारं अंतर तेव्हा पन्नास मिनिटं घेतं. परतीला तोच वारा पाठीशी असतो आणि सायकल जवळजवळ आपोआप चालते.

आता उसाबद्दल. आमच्या भागात सायकल चालवायची तर गळीत हंगाम समजून घ्यावाच लागतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस ट्रॉलीच्या फळीबाहेर दोन्ही बाजूंना हातभर आलेला असतो, त्यामुळे चाक जिथून जातं त्याच्या हातभर बाहेरपर्यंत ट्रॉली आहे असंच समजायचं. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून आत आलात तर दुसरी येतेच, आणि वळणावर ती पहिलीपेक्षा आतून वळते. चालकाच्या डोक्याशी गाणी मोठ्यानं लागलेली असतात, आपली घंटी त्याला ऐकू येत नाही. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की मी सरळ साइडपट्टीवर उतरून थांबते. दोन मिनिटं जातात, जाऊ देत. अंधारात तर बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला असतो. आपला पुढचा दिवा त्यासाठी हवा. आपण दुसऱ्याला दिसण्याइतकंच दुसरा आपल्याला दिसणं गरजेचं आहे. कारखान्यांनी आणि वाहतूक पोलिसांनी प्रत्येक ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर लावलाय ना, हे दर हंगामात खरोखर तपासलं पाहिजे. आमच्या भागात यावर माणसांचे जीव जातात.

पावसाळ्यात सायकलीचं काम वाढतं. ब्रेकची रबरं भराभर झिजतात, कारण रिमवर चिखलाची पूड बसते आणि प्रत्येक ब्रेकला ती घासते. चेनला आठवड्यातून एकदा तेल. अंगाला सलग झग्यासारखा रेनकोट नको, त्यात वारा भरतो. जाकीट आणि पँट वेगळी असलेला घ्या. ऑफिसात एक कोरडा जोड ठेवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की मी सायकल घरी ठेवते. विश्रामबाग उंचावर आहे, तिथे पाणी येत नाही, पण त्या दिवसांत सगळी वाहतूक एकाच रस्त्यावर येते आणि सायकलला जागाच उरत नाही.

आता ताटाकडे. सांगली जिल्ह्यात लो-कार्ब करायचं म्हणजे चहूबाजूंनी परीक्षा. ऊस, द्राक्षं, बेदाणे, जयसिंगपूरचं भडंग, थंडीतला हुरडा, सगळं पिठूळ नाहीतर गोड. पण ज्या मातीत हे पिकतं तिथेच शेंगदाणे, मटकी, हरभरा, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, वांगीही आहेत. बदामाचं पीठ आणि बाहेरून आणलेली महाग पाकिटं न वापरताही हे जमतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

भाकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. मी पोळी सोडली, फक्त भाकरी खाते, म्हणजे माझं लो-कार्ब चाललंय, असं बऱ्याच जणी सांगतात. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या दोन फुलक्यांइतकीच. भाकरीनं माझं पोट भरलेलं राहतं, म्हणून मी भाकरीच निवडते. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या की ८० ग्रॅम तिथेच झाले. वाडगाभर शिजलेला भात म्हणजे आणखी ४०.

सुरुवातीला मी फार कडक केलं, दिवसाला ५० ग्रॅमच्या आत. पहिल्याच आठवड्यात वजनकाटा झपकन खाली आला. त्यात चरबी थोडी, पाणी जास्त. यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की ते पाणी जातं. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडातून मीठही जास्त बाहेर पडतं. डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पिंडऱ्यांत गोळे येणं याचं बरंचसं कारण हेच. मीठ घातलेल्या ताकानं मला दोन दिवसांत उतार पडला. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी मात्र मीठ आपल्या मनानं वाढवू नये.

इतकं कडक खाणं सायकलवर निभावलं नाही. संथ सायकल चालते, कारण संथ श्रमाला शरीर चरबी बऱ्यापैकी वापरतं. पण वाऱ्याविरुद्ध जोर लावायचा, सिग्नल सुटल्यावर चटकन वेग घ्यायचा, तर स्नायूंना ग्लुकोज लागतं आणि साठा रिकामा असेल तर मांड्या जड होतात. ट्रॅक्टरपासून पटकन बाजूला होता आलं नाही तर काय उपयोग? म्हणून मी १०० ग्रॅमच्या आसपास आले, आणि तिथेच टिकले.

सध्या असं चालतं. सकाळी निघताना फक्त चहा, बिनसाखरेचा, आणि चार-सहा भिजवलेले बदाम किंवा मूठभर शेंगदाणे. ऑफिसला पोचल्यावर डब्यातलं मुगाचं धिरडं किंवा दोन अंड्यांचं ऑम्लेट. दुपारी एक भाकरी, मोठी वाटी पालेभाजी, मटकीची उसळ, दही. रात्री भाकरी नाही. पिठलं, भाजी, आणि पनीर, अंडी किंवा मासे यातलं एक. रविवारी मटणाचा रस्सा भाताशिवाय. वारा जोरात असेल त्या दिवशी सकाळी अर्धी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊनच निघते. ती कर्बोदकं रस्त्यावरच वापरली जातात. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्शुलिनच्या फारशा मदतीशिवायही आत ओढून घेतात, म्हणून पिठूळ खायचंच असेल तर ते सायकलच्या आगेमागे खायचं आणि बसून राहायच्या संध्याकाळी टाळायचं. सगळ्या प्रयोगातून मी हा एक नियम घेतला.

आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांचं दोन वेळा जेवायचं चाललंय. डॉ. जिचकारांनी मांडलेलं आणि पुढे डॉ. दीक्षितांनी घरोघरी पोचवलेलं, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं. तो नियम कितीदा खायचं याचा आहे, माझा काय खायचं याचा. दोन्हींचा फायदा झालेली माणसं मी पाहिलीत. मला सायकलमुळे तीन वेळा खाणं बरं पडतं.

श्रावण कठीण गेला. उपवास म्हणजे साबुदाणा, आणि साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. पाऊण वाटी कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत भाकरीपेक्षा जास्त कर्बोदकं. सासूबाईंना उपवास मोडलेला चालत नाही आणि मलाही तो मोडायचा नव्हता. त्यांनीच वाट काढली. वरीशिवाय नुसती घट्ट शेंगदाण्याची आमटी, दाण्याचं कूट आणि जिऱ्याची फोडणी घातलेली काकडी, दही. “उपास पोट रिकामं ठेवायला असतो, साबुदाणा भरायला नव्हे, बाळा,” असं म्हणाल्या आणि स्वतःही तेच खाऊ लागल्या. सत्यनारायणाचा शिरा मी नाकारत नाही. चमचाभर घेते, हातावर ठेवलेला प्रसाद परत करणं मला पटत नाही.

आकडे सांगते. चार महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आली, पावसाळ्याच्या तोंडावर ५.६. वजन साडेपाच किलो उतरलं, कमरेला कुर्ते सैल झाले. यात सायकलचा वाटा किती? रोजच्या सोळा किलोमीटरला माझ्या वजनाला साडेतीनशे-चारशे कॅलरी लागत असाव्यात, म्हणजे भरपूर शेंगदाणे घातलेली पोह्यांची एक प्लेट. नुसत्या सायकलनं वजन उतरलं नसतं असं माझं मत आहे. पण झोप, पाठदुखी आणि संध्याकाळची चिडचिड यांत पडलेला फरक सायकलचाच, कारण सायकल बंद असलेल्या आठवड्यात जेवण तेच असून ते सगळं परत आलं. एक आकडा बिघडलाही. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढलं. मग साय, लोणी आणि रोजचं पनीर कमी करून त्या जागी डाळी, शेंगदाणे आणि मासे आणले, आणि पुढच्या तपासणीत ते खाली आलं. लो-कार्ब करणाऱ्यांनी साखरेबरोबर लिपिडही (रक्तातली चरबी, कोलेस्टेरॉल) तपासावं.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी हे वाचून उद्यापासून भाकरी सोडू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली आणि वर सायकल मारली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, आणि ती रस्त्यावर जाते. नावात ‘फ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांबरोबर फार कमी कर्बोदकं खाल्ली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. आधी डॉक्टर, मग ताट. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही तसंच.

खर्च थोडा वाढला. अंडी, पनीर, मासे यांचा पैसा पेट्रोलमध्ये वाचला असं म्हणता येईल. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जैन आहे, अंडीही खात नाही. ती मूग, हरभरा, पनीर, दाणे यांवर आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणावर हेच करते. तिची कर्बोदकं माझ्यापेक्षा थोडी जास्त होतात, डाळीत ती असतातच. तिलाही फरक पडलाय.

पुढचा हंगाम तोंडावर आलाय. मागचं टायर गुळगुळीत झालंय, ते बदलायचंय. मागच्या लाल दिव्याचे सेल बदलायचेत, आणि मडगार्डवर नवीन रिफ्लेक्टर पट्टी. दिवाळीच्या आधी पुन्हा एचबीएवनसी आणि लिपिड करून घेणार आहे. मिरज-सांगली रस्त्यानं सायकलनं जाणाऱ्या आणखी कुणी असतील तर संध्याकाळी सहानंतर एकत्र निघू या. अंधारात ट्रॉल्यांमधून चार दिवे एकत्र लांबूनच दिसतात.