आयरिश भाषा, १४ महिने वापरून झाल्यावर

डब्लिनमध्ये तीन वर्षं झाली. पहिली दीडेक वर्षं आयरिश म्हणजे माझ्यासाठी फक्त पाट्या. रस्त्यावर मोठ्ठ्या अक्षरात 'गो मॉल' दिसलं आणि मला खरंच वाटलं की पुढे मॉल आहे, तर ते निघालं 'गो माल', म्हणजे हळू चालवा. बसच्या कपाळावर 'अन लार' असायचं, ते मी कित्येक दिवस गावाचं नाव समजत होते, त्याचा अर्थ मधोमध, म्हणजे सिटी सेंटर. मग लेक शाळेत जायला लागली आणि घरी सुद्धा बाथरूमला जाऊ का हे आयरिशमधून विचारायला लागली, 'अन विल क्याद अगम...' वगैरे लांबलचक. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले, कारण इतकी वर्षं शाळेत सक्तीने शिकून बऱ्याच जणांना हेच एक वाक्य धड आठवत होतं. तिथून मी सुरू केलं.

आधी ॲप. नाव नाही घेत, वर्षाचे पैसे भरले आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर पस्तावले. रोज पाच मिनिटं, सलग दिवसांचा आकडा वाढतोय, मस्त वाटतं, पण आवाज मशीनचा आणि सगळे त ट करून टाकलेले. आयरिशमध्ये जाड त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणतात, तिथे मराठी माणसाला आयताच फायदा आहे आणि ॲपने तोच घालवला. (लिओ वराडकर, वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आपल्या पेपरांत कायम आयर्लंडचे 'पंतप्रधान' होते. इथे इंग्रजी बातम्यांतही त्या पदाला आयरिश शब्दच वापरतात, तीशख. त, ट नाही!) शिवाय प्रत्येक व्यंजन दोन प्रकारचं, एक जाड, एक बारीक. आपल्याकडे चाकातला च वेगळा आणि चारातला वेगळा, तसं यांच्याकडे जवळजवळ सगळ्याच अक्षरांचं. 'बो' म्हणजे गाय, 'ब्यो' म्हणजे जिवंत. माझी गाय बरेच दिवस जिवंतच होती.

त्यापेक्षा त्यांगलन नावाची फुकटातली डिक्शनरी साइट शंभर पट बरी. तीन बोलींतले उच्चार खऱ्या माणसांच्या आवाजात ऐकायला मिळतात, कॉनॉट, मन्स्टर आणि अल्स्टर. फक्त एक त्रास, या भाषेत शब्दाचं तोंडच बदलतं. गाय 'बो', ती गाय 'अन वो', आमची गाय 'आर मो'. आपण शेपूट बदलतो, घोडा घोड्याला, ते डोकं बदलतात, म्हणजे ऐकलेला शब्द म मध्ये शोधत बसायचं आणि तो ब मध्ये निघायचा. यात माझे दोन महिने गेले.

पण मजा पण तितकीच. 'हॅव' असं क्रियापदच नाही, 'ता ल्याउर अगम', पुस्तक आहे माझ्याकडे. हो-नाहीला वेगळा शब्द नाही, जेवलास का विचारलं तर जेवलो म्हणायचं. चाळीसला 'दोन विसा' अर्थाचा शब्द, माझी आजी आंबे असेच मोजायची. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे सगळं विचित्र वाटतं, मला सासरी माहेरची भाजी मिळाल्यासारखं झालं.

ऐकायची सवय झाली ती रेडिओने. राइदिओ ना गेल्ताख्ता, आयरिशमधलं स्टेशन, १९७२ पासून चालू आहे, फुकट. मला पहिल्यांदा सलग काय समजलं असेल तर निधनवार्ता! कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्यविधी कधी, वाक्यं ठरलेली. सकाळी चहा घेताना अनोळखी गावातल्या अनोळखी आजोबांसाठी वाईट वाटायचं आणि समजलं म्हणून आनंदही व्हायचा, काय सांगू.

आता खरी अडचण. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येते म्हणून सांगितलं, शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आसपास. मधले सगळे जातात कुठे? माझा अनुभव सांगते, इथे चांगुलपणा नडतो. मी अडखळले की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, मला त्रास नको म्हणून. दादरला आपण तेच करतो ना, समोरच्याचं मराठी जरा अडलं की आपण हिंदीत, आणि मग घरी येऊन मराठी कोणी बोलत नाही म्हणून रडायचं. यावर इथे एक उपाय आहे, फान्या नावाची छोटी अंगठीसारखी पिन कोटाला लावायची, म्हणजे कळतं की हिच्याशी आयरिश बोललं तरी चालेल. चांदीची पिन असते तिच्या नावात 'अरिग्यद' येतं, त्याचा अर्थ चांदीही आणि पैसाही, आपलं रुपं आणि रुपया. मी अजून लावत नाही, लाज वाटते.

उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या कॉनेमारात, कॅरारो नावाच्या आयरिश बोलणाऱ्या गावात चार दिवस राहिलो. दुकानात रोज 'बान्या', म्हणजे दूध, आयरिशमधून मागायचे, काउंटरवरच्या बाई रोज इंग्रजीत उत्तर द्यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी आयरिशमधून काहीतरी भरभर विचारलं, मला एक शब्द कळला नाही, मी नुसतं 'ता', म्हणजे आहे, म्हटलं. त्यांनी शांतपणे दूध पिशवीत घातलं, वर कसलेतरी बन घातले आणि पैसे घेतले.

ही भाषा टिकेल का, हे लोक मला विचारतात, जसं काही मीच ठरवणार. मी त्यांना बेलफास्टचा शॉज रोड सांगते. १९६९ मध्ये तिथे काही कुटुंबांनी घरं बांधून आयरिश बोलणारी वस्ती केली, आणि त्यातले आईबाप जन्मापासून बोलणारे नव्हते, मोठेपणी शिकलेले होते, माझ्यासारखेच चुका करत असणार. १९७१ मध्ये शाळा काढली, ९ मुलं. आज बेलफास्टमध्ये आयरिश माध्यमाच्या कितीतरी शाळा आहेत.

ॲपचं रिन्यूअल केलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत कॅरारो, आणि ते बन नक्की कसले होते ते आयरिशमधून विचारायचंय.